एकोणीसमधला ‘उणे’ आणि पाऊणमधला पाव : पूर्णांक व परिमेय संख्या, पायरीपायरीने

‘एकोणीस’ हा शब्द फोडून बघा. एक, ऊन, वीस. विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, पार एकोणनव्वदपर्यंत हाच प्रकार. आता ‘पाऊण’ घ्या : पाव ऊन, म्हणजे एकाला पाव कमी. ‘पावणेदोन’ म्हणजे दोनाला पाव उणे. ‘साडे’ म्हणजे अर्ध्यासह, ‘सव्वा’ म्हणजे पावासह. वजाबाकी आणि अपूर्णांक हे दोन्ही आपल्या बोलण्यात शाळेच्या कितीतरी आधीपासून आहेत. तरीही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर, पूर्णांक आणि परिमेय संख्या सुरू झाल्या की चांगली हुशार मुलं अडखळायला लागतात, आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘याचं गणित कच्चं आहे.’

बहुतेक वेळा ते कच्चं नसतं. घरी आणि शेजारच्या मुलांना शिकवताना मला पुन्हा पुन्हा दिसलं की गाडी दोनच ठिकाणी अडते. एक, वजाचं चिन्ह दोन वेगळी कामं करतं हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. दोन, ३/४ ही त्याला एक संख्या वाटत नाही, एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या वाटतात. या दोन गाठी सुटल्या की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. शेजारी वही-पेन आणि मूठभर हरभरे व वाटाणे घेऊन बसा. हरभरे-वाटाणे खरोखरच लागणार आहेत.

चिन्ह एक, कामं दोन

५ − ८ यातलं − हे क्रियेचं चिन्ह आहे : पाचातून आठ काढा. नुसतं −८ लिहिलं तर तेच − त्या संख्येचा भाग आहे : शून्याच्या पलीकडची आठ. मराठीत या दोन कामांना दोन शब्द आहेत आणि ते आपण वापरत नाही, याची मला फार खंत वाटते. क्रियेला ‘वजा’, संख्येला ‘उणे’. हवामानाच्या बातमीत ‘तापमान उणे पाच अंश’ म्हणतात, कुणी ‘वजा पाच अंश’ म्हणत नाही. सेमी-इंग्रजीतली मुलं दोन्हींना ‘मायनस’ म्हणतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

म्हणून पहिली पायरी : आठवडाभर प्रत्येक उदाहरण सोडवण्याआधी मोठ्याने वाचायचं. ५ − (−८) हे ‘पाच वजा उणे आठ’. −३ − ४ हे ‘उणे तीन वजा चार’. −३ + (−४) हे ‘उणे तीन अधिक उणे चार’. एवढ्याने अर्ध्या चुका जातात. मूल वाचताना अडलं तर ते उत्तर काढतानाही अडणारच, म्हणजे चूक कुठे आहे हे तुम्हाला आधीच कळतं.

याच चिन्हाचं तिसरं एक रूप आहे, पण ते दुसऱ्यातूनच येतं. −(−८) म्हणजे उणे आठची विरुद्ध संख्या, अर्थात ८. संख्या आणि तिची विरुद्ध संख्या शून्यापासून सारख्याच अंतरावर, पण दोन बाजूंना असतात. त्यांची बेरीज शून्य. हे वाक्य लक्षात ठेवा, गुणाकारात ते फार मोठं काम करणार आहे.

रेषा उभी काढा

नावांचा घोळ आधी मिटवू. १, २, ३… या नैसर्गिक संख्या. त्यांत ० घातला की पूर्ण संख्या. त्यांत −१, −२, −३… घातल्या की पूर्णांक संख्या. ‘पूर्ण’ आणि ‘पूर्णांक’ हे शब्द इतके जवळचे आहेत की परीक्षेत घाईने वाचताना मुलं फसतात. खूण अशी : ऋण संख्या आल्या की ‘अंक’ जोडला जातो.

पुस्तकात संख्यारेषा आडवी असते. सुरुवातीला मी ती उभी काढते. उभ्या रेषेवर वर म्हणजे जास्त, खाली म्हणजे कमी, हे मुलाला सांगावं लागत नाही. लिफ्टमध्ये तळमजला ०, त्याखाली गाड्यांचा −१, आणखी खाली −२. मग विचारायचं : −७ मोठी की −३? आडव्या रेषेवर पुष्कळ मुलं −७ म्हणतात, कारण त्यांना सात दिसतो. उभ्या रेषेवर −७ खोल तळाशी दिसते आणि उत्तर बदलतं. थंडी म्हणून बघितलं तरी तेच : उणे तीन अंशांपेक्षा उणे सातला जास्त गारठा, म्हणजे तापमान कमी. रेषा अंगवळणी पडली की आडवी करा, वरची बाजू उजवीकडे वळवून.

हरभरे आणि वाटाणे

बेरजेसाठी उधारीचं उदाहरण सगळे देतात. दुकानदाराच्या वहीत सहा रुपये उधार, चार दिले, दोन उरले; म्हणून −६ + ४ = −२. चांगलं आहे, पण ‘उणे संख्या वजा करणे’ इथे आलं की उधारी कमी पडते. ‘उधारी काढून घेतली’ म्हणजे नक्की काय झालं हे बारा वर्षांच्या मुलाला पटवणं अवघड जातं. हरभरे-वाटाण्यांनी ते काम सोपं होतं.

हरभरा म्हणजे +१, वाटाणा म्हणजे −१. एक हरभरा आणि एक वाटाणा जोडीने ठेवला की ती जोडी शून्य. ताटात जोड्या कितीही वाढवा किंवा काढा, ताटाची किंमत बदलत नाही. एवढाच नियम.

−६ + ४ : सहा वाटाणे ठेवा, चार हरभरे घाला. चार जोड्या शून्य झाल्या, त्या बाजूला करा. उरले दोन वाटाणे, −२.

−३ + (−४) : तीन वाटाणे, त्यात आणखी चार. सात वाटाणे, −७. इथे जोडी लागतच नाही.

आता खरा प्रसंग. ३ − (−२) : ताटात तीन हरभरे आहेत आणि मला दोन वाटाणे उचलायचे आहेत. पण वाटाणे नाहीतच! मुलाला इथे थोडा वेळ अडकू द्या, लगेच सांगू नका. नाहीच सुचलं तर जोड्यांची आठवण करून द्या. दोन जोड्या ताटात घाला, किंमत तीच राहिली. आता ताटात पाच हरभरे, दोन वाटाणे आहेत. दोन वाटाणे उचला. उरले पाच हरभरे. ३ − (−२) = ५.

हे हाताने दहा वेळा केलं की मूल स्वतःच म्हणतं, ‘वाटाणे काढण्यापेक्षा तेवढे हरभरे घातले तरी तेच होतंय.’ झाला नियम : वजा करणे म्हणजे विरुद्ध संख्या मिळवणे. मुलाच्या तोंडून तो आला की वहीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या. यानंतर प्रत्येक वजाबाकी बेरीज करून सोडवायची : ३ − ८ म्हणजे ३ + (−८) = −५. −६ − (−४) म्हणजे −६ + ४ = −२.

आता दाणे आवरून एक मोठं गणित. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. मृत समुद्राचा किनारा समुद्रसपाटीच्या सुमारे ४४० मीटर खाली, म्हणजे −४४०. दोन्हींच्या उंचीत फरक किती? १६४६ − (−४४०) = १६४६ + ४४० = २०८६ मीटर. वरून शून्यापर्यंत आणि शून्यापासून खाली, अशी दोन अंतरं जोडली जातात हे उभ्या रेषेवर दिसतंच.

उणे गुणिले उणे, आणि एक घातक घोषवाक्य

३ × (−४) म्हणजे चार वाटाण्यांचे तीन ढीग, −१२. यात कुणाला शंका नसते. (−३) × ४ हे क्रम बदलून तेच. प्रश्न (−३) × (−४) चा. ‘उणे तीन वेळा’ काय करायचं?

प्रथम एक पाढा उतरत्या क्रमाने लिहा. ३ × (−४) = −१२, २ × (−४) = −८, १ × (−४) = −४, ० × (−४) = ०. उत्तर प्रत्येक वेळी ४ ने वर चढतंय. मग पुढची ओळ (−१) × (−४) : शून्याहून चार वर, म्हणजे ४. मग ८, मग १२. मुलं हे चटकन पकडतात.

पण आकृतिबंध म्हणजे पुरावा नव्हे, आणि ‘असंच का?’ विचारणारं एखादं मूल असतंच. त्याला टाळू नका. त्याच्यासाठी खरं कारण असं आहे. ४ आणि −४ या विरुद्ध संख्या, त्यांची बेरीज ०. म्हणून (−३) × (४ + (−४)) हे ०च असलं पाहिजे. कंस सोडवला तर (−३) × ४ आणि (−३) × (−४) यांची बेरीज ०. पहिला गुणाकार −१२ आहे हे आपल्याला माहीत आहे. मग −१२ मध्ये काय मिळवलं की ० येईल? १२. म्हणजे (−३) × (−४) ला १२ असण्यावाचून पर्याय नाही. तो १२ नसता, तर कंस सोडवायचा आपला नेहमीचा नियमच मोडला असता.

हे नियम आपल्याकडे फार जुने आहेत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांत लिहिला, त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजेचे, वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम शब्दांत मांडले आहेत : धनाला ऋणाने गुणलं तर ऋण, ऋणाला ऋणाने गुणलं तर धन. ‘ऋण’ हा शब्दही तोच, कर्जाचा. पुढे कित्येक शतकं युरोपातले मोठमोठे गणिती ऋण संख्यांना संख्या मानायला कचरत होते. तेव्हा मुलाला पहिल्या दिवशी पटलं नाही तर रागावू नये.

आता ते घोषवाक्य. ‘उणे उणे अधिक’. शिकवणीत, शाळेत, घरी सगळीकडे घोकून घेतलं जातं, आणि सर्वांत जास्त गुण यानेच जातात. कारण मूल ते बेरजेतही लावतं. −३ − ४ दिसलं की दोन उणे दिसतात, आणि उत्तर येतं +७. माझं ठाम मत आहे की हे वाक्य शिकवूच नये. त्याऐवजी पूर्ण वाक्य म्हणायचं : ‘उण्याला उण्याने गुणलं तर धन.’ ‘गुणलं’ हा शब्द गाळायचा नाही. −३ − ४ आलं की वाचा ‘उणे तीन वजा चार’, ताटात तीन वाटाणे आठवा, चार हरभरे काढायचे म्हणजे चार वाटाणे घालायचे, −७.

दुसरी नेहमीची फसगत घातांकाची. (−३)² म्हणजे (−३) × (−३) = ९. पण −३² मध्ये वर्ग फक्त तीनचा आहे आणि उणे बाहेर उभा आहे, म्हणून −९. कंस नसेल तर घातांक चिन्हाला चिकटत नाही.

भागाकाराला नवं काही शिकावं लागत नाही. −१२ ÷ ३ म्हणजे तीनला कशाने गुणलं की −१२? −४ ने. −१२ ÷ (−३) ला ४. चिन्हाचे नियम गुणाकाराचेच.

पूर्णांक अपुरे पडतात तेव्हा

पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार केला तर उत्तर पूर्णांकच येतं. भागाकारात मात्र घर सोडावं लागतं. तीन भाकऱ्या चौघांत वाटल्या तर प्रत्येकाला पाऊण. ३ ÷ ४ ला पूर्णांकात उत्तर नाही, म्हणून नव्या संख्या घेतल्या : म/न या रूपात लिहिता येतील अशा, जिथे म आणि न पूर्णांक आहेत आणि न शून्य नाही. या परिमेय संख्या. ‘मेय’ म्हणजे मोजता येण्याजोगं. ५ सुद्धा परिमेयच, कारण ती ५/१. ० ही ०/१. म्हणजे पूर्णांक मागे राहिले नाहीत, नव्या घरात सामानासकट आले.

छेदात शून्य का नाही? ६/० = एखादी संख्या असती, तर त्या संख्येला ० ने गुणून ६ यायला हवा होता. ० ने गुणून ० शिवाय काही येत नाही. म्हणजे उत्तरच नाही. ०/० ची अडचण उलटी : तिथे कोणतीही संख्या उत्तर म्हणून चालते, ५ही आणि −११ही, आणि ज्या प्रश्नाला सगळीच उत्तरं चालतात त्याला ठराविक किंमत देता येत नाही. खुद्द ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहिलं होतं. आज ते मान्य नाही. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असं नाव देऊन तिला अनंत मानलं. आज शाळेत आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो त्या जागी एवढा विचार झालेला आहे.

३/४ ही एक जागा आहे

दुसरी गाठ आता. ३/४ बघून मुलाला तीन आणि चार दिसतात. त्याला रेषेवर एक बिंदू दिसला पाहिजे. ० ते १ चे चार सारखे भाग करा, शून्यापासून तीन भाग चला. उभे राहाल ती जागा म्हणजे ३/४. आपल्या भाषेत या जागेला ‘पाऊण’ हे स्वतःचं नावच आहे, एकच शब्द, दोन संख्या नाहीत. ७/४ ला पावणेदोन, ५/२ ला अडीच, ७/२ ला साडेतीन. म्हणून सुरुवातीला मी मुलाला अपूर्णांक दाखवून ‘याला घरी काय म्हणतात?’ असं विचारते. ५/४ ला ‘सव्वा’ म्हणणारं मूल ती जागा ओळखतं.

आता −५/३. एकेक घराचे तीन भाग, शून्यापासून डावीकडे पाच पावलं. तीन पावलांत −१ आला, आणखी दोन पावलं, म्हणजे −१ आणि −२ च्या मध्ये, −२ च्या जवळ. इथे हमखास होणारी चूक अशी : मिश्र रूपात −१ २/३ लिहिलं की मूल −१ वर जातं आणि तिथून उजवीकडे २/३ चालतं. ते पोचतं −१/३ वर. उणे हे अख्ख्या संख्येसाठी आहे, −(१ + २/३). चालायची दिशा मध्येच बदलत नाही.

एकाच जागेला अनेक नावं असतात. ३/४, ६/८, ७५/१००, सगळी पाऊणच. अंश-छेदाला एकाच शून्येतर संख्येने गुणा किंवा भागा, जागा हलत नाही. अंश आणि छेद यांच्या मसाविने (दोघांना भाग जाणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येने) भागलं की सर्वांत साधं नाव मिळतं. उणे कुठेही असलं, −३/४, ३/−४ किंवा −(३/४), जागा एकच. पण एक सवय लावा : छेदात उणे आलं तर आधी अंश-छेद दोन्हींना −१ ने गुणून ते वर पाठवा. याला फक्त नीटनेटकेपणाची सवय समजू नका. तुलना करताना तिरका गुणाकार करतात, तो छेद धन असेल तरच खरा ठरतो. ३/−४ आणि १/२ ची तशीच तुलना करून बघा : ३ × २ = ६, १ × (−४) = −४, सहा मोठा, म्हणून ३/−४ मोठी? उणे पाऊण अर्ध्यापेक्षा मोठं कसं असेल! छेद धन करा : −३/४ आणि १/२, −६ आणि ४, आता बरोबर.

दोन्ही संख्या ऋण असतील तर छेद सारखे करून बघा. −२/३ आणि −३/४ : छेद १२ करून −८/१२ आणि −९/१२. उणे आठ वर, उणे नऊ खाली. म्हणून −२/३ मोठी.

बेरीज करताना छेद का सारखे करायचे

१/२ + १/३ = २/५ हे उत्तर अनेक वह्यांत सापडतं. लाल फुली मारण्याआधी मुलाला एवढंच विचारा : २/५ अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? लहान. अर्ध्यात काहीतरी घातलं आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं? मूल स्वतःच खोडतं. या तपासणीला मी नियमापेक्षा जास्त मोल देते.

छेद म्हणजे तुकड्याचा आकार, अंश म्हणजे तुकड्यांची संख्या. अर्धकं आणि तिसरे हिस्से एकत्र मोजता येत नाहीत, जसे पायली आणि शेर तसेच मिळवता येत नाहीत. दोन्ही सहाव्या हिश्शांत मोडा : ३/६ + २/६ = ५/६.

ऋण संख्येसह : −५/६ + ३/८. छेदांचा लसावि (दोन्हींनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) २४. −२०/२४ + ९/२४. आता हे फक्त −२० + ९ राहिलं, हरभरे-वाटाण्यांचं काम. उत्तर −११/२४. सोडवण्याआधी अंदाज करा : −५/६ उण्या एकाच्या आसपास, ३/८ अर्ध्याहून कमी, म्हणजे उत्तर ऋण आणि अर्ध्याच्या जवळपास. −११/२४ तसंच आहे. अंदाज चुकला तर चिन्ह चुकलंय, असं समजून परत बघायचं.

अर्ध्याचा पाऊण, आणि पाऊण मीटरच्या पिशव्या

गुणाकार सगळ्यांत सोपा असतो : अंशाला अंशाने, छेदाला छेदाने. पण का, हे कागदाच्या घडीने दाखवा. कागद उभा अर्धा दुमडा, आडवा चारांत दुमडा, उलगडा : आठ चौकोन. अर्ध्या भागाचा पाऊण हिस्सा रंगवा : तीन चौकोन. १/२ × ३/४ = ३/८.

पूर्वी शाळांमध्ये पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. घरात आजी-आजोबा असतील तर विचारून बघा, एखाद्याला दिडकी अजून घडाघडा येत असेल. हे परिमेय संख्यांचेच पाढे होते. आज पाठ करायची गरज नाही, पण दीड अडीचदा किती, हे तोंडी काढता यावं : दीड आणि दीड तीन, अर्धा दीड पाऊण, एकूण पावणेचार. कागदावर ३/२ × ५/२ = १५/४. तेच.

भागाकाराचा नियम ‘उलटा करून गुणा’ असा सांगतात. का उलटा, ते बघू. पाऊण किलो चहा आहे, सव्वाशे ग्रॅमच्या पुड्या करायच्या. सव्वाशे ग्रॅम म्हणजे किलोचा आठवा हिस्सा. एका किलोत आठ पुड्या, म्हणून पाऊण किलोत आठाच्या पाऊण, सहा. ३/४ ÷ १/८ = ३/४ × ८ = ६. ‘एकात किती’ हे आधी काढायचं, मग जेवढं आहे तेवढ्याने गुणायचं. ‘एकात किती’ म्हणजेच उलटी केलेली संख्या, तिला गुणाकार व्यस्त म्हणतात.

अवघड उदाहरण घेऊ. साडेतीन मीटर कापड, एका पिशवीला पाऊण मीटर. एका मीटरमध्ये किती पिशव्या? एक पूर्ण पिशवी, आणि उरलेला पाव मीटर म्हणजे पिशवीचा तिसरा हिस्सा. एकूण ४/३. म्हणून ७/२ ÷ ३/४ = ७/२ × ४/३ = १४/३ = ४ २/३. चार पिशव्या झाल्या. कापड किती उरलं? जवळजवळ प्रत्येक मूल म्हणतं, ‘दोन तृतीयांश मीटर.’ मोजून बघा : चार पिशव्यांना तीन मीटर गेले, उरलं अर्धा मीटर. मग २/३ कुठून आले? ते पिशवीचे २/३ आहेत. अर्धा मीटर म्हणजे पाऊण मीटरचा दोन तृतीयांश. हे एक गणित नीट समजलं की भागाकार समजला असं खुशाल धरावं, म्हणून इथे एक अख्खा दिवस गेला तरी जाऊ द्या.

दशांश रूप : कोण थांबतं, कोण फिरत राहतं

३/४ ला भागलं की ०.७५ येतं आणि बाकी शून्य होऊन काम थांबतं. हे खंडित दशांश रूप. १/३ ला ०.३३३… येतं, संपतच नाही. हे अखंड आवर्ती.

१/७ हाताने भागा, गणकयंत्र नको. १० मध्ये सात एकदा, बाकी ३. ३० मध्ये चारदा, बाकी २. २० मध्ये दोनदा, बाकी ६. ६० मध्ये आठदा, बाकी ४. ४० मध्ये पाचदा, बाकी ५. ५० मध्ये सातदा, बाकी १. आणि १ पासूनच आपण सुरुवात केली होती! आता तेच आकडे पुन्हा येणार : ०.१४२८५७१४२८५७… सातने भागताना शून्य सोडून बाकी १ ते ६ एवढ्याच असू शकतात, म्हणून सातव्या पावलाच्या आत कुठलीतरी बाकी परत यावीच लागते. याच कारणाने प्रत्येक परिमेय संख्येचं दशांश रूप एकतर थांबतं किंवा फिरत राहतं, तिसरा मार्ग नाही. गंमत म्हणून २/७ आणि ३/७ काढा, ०.२८५७१४… आणि ०.४२८५७१… : तेच सहा आकडे त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून.

भागाकार न करता थांबेल की नाही हे ओळखायला, आधी संक्षिप्त रूप द्या आणि छेदाचे मूळ अवयव बघा. त्यात फक्त २ आणि ५ असतील तर थांबेल, कारण १०, १००, १००० हे २ आणि ५ चेच बनलेले आहेत. ७/४० : ४० म्हणजे २ × २ × २ × ५, थांबेल, ०.१७५. ६/१५ मध्ये ३ दिसतो म्हणून घाई करू नका. संक्षिप्त रूप २/५, म्हणजे ०.४.

उलटा प्रवासही येतो. ०.१६६६… ला क्ष म्हणा. १० क्ष = १.६६६…, १०० क्ष = १६.६६६… वजा केलं की शेपटी जाते : ९० क्ष = १५, क्ष = १/६.

एक शेवटचा फरक. पूर्णांकांत ४ नंतर ५, मध्ये कुणी नाही. परिमेय संख्यांत ‘पुढची संख्या’ असं काही नसतंच. १/३ आणि १/२ घ्या, बेरीज करून निम्मी करा : ५/१२. आता १/३ आणि ५/१२ च्या मध्ये परत तेच. कधीच संपत नाही. एवढी दाटी असूनही रेषा भरत नाही : १ एकक बाजूच्या चौरसाचा कर्ण √२, त्याला म/न हे रूप देता येत नाही. ती आठवीची गोष्ट, अपरिमेय संख्यांची.

हात बसवण्यासाठी

खालची सहा गणितं मुलाला एका बैठकीत द्या आणि उत्तर चुकलं तर कसं चुकलं ते बघा. (१) −९ + ४ − (−७). (२) (−२) × (−३) × (−५). (३) −२/३ − (−५/४). (४) (−७/८) ÷ (२१/१६). (५) −१/२, −२/५, −५/८, ० चढत्या क्रमाने लावा. (६) ०.४५५५… म/न रूपात लिहा.

उत्तरं : पहिल्याचं २. −१२ आलं तर ‘वजा उणे सात’ वाचलंच नाही, हरभरे-वाटाण्यांकडे परत. दुसऱ्याचं −३०, ३० आलं तर मुलाच्या डोक्यात अजून ते घोषवाक्य आहे, दोन-दोन करून गुणायला सांगा. तिसऱ्याचं ७/१२. चौथ्याचं −२/३, −१४७/१२८ आलं तर उलटायचं राहून सरळच गुणलं. पाचव्याचा क्रम −५/८, −१/२, −२/५, ०. बरोबर उलटा क्रम आला तर उभी रेषा पुन्हा काढा, या वेळी मुलालाच काढू द्या. सहाव्याचं ४१/९०, ४५/९९ आलं तर त्याने ४ सुद्धा आवर्ती धरला, तेव्हा ०.४५४५… आणि ०.४५५५… एकाखाली एक लिहून दाखवा.